बाईंना काय येत नाही

आमच्या शाळेचा वार्षिक निकाल महाराष्ट्र दिनाला लागायचा. आधी झेंडा, मग मोठ्या बाईंचं भाषण, मग निकाल. त्यामुळे बराच काळ माझी अशी पक्की समजूत होती की झेंडा आमच्या निकालासाठीच वर चढवतात आणि तो नीट उलगडला नाही तर सगळी शाळा नापास. माझ्या समजुती बहुतेक अशाच असायच्या. दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला तरी मी त्यांची गाठ मारायचे आणि मग ती सोडवत बसायचे. अजूनही बसते. सून म्हणते, "आई, तुम्ही कुठलं कुठे नेता!" नेते खरी. पण दुसरीतून तिसरीत जाताना जो घोळ झाला तो काही मी एकटीने घातला नव्हता. त्यात निम्मा वाटा वैद्य बाईंचा होता, आणि तो कसा, हे नीट सांगता येईल की नाही याची मला आत्ता लिहायला बसतानाही खात्री नाही.

वैद्य बाईंनी आम्हाला पहिलीपासून घेतलेलं. आमच्याकडे बाई आपला वर्ग पुढे पुढे घेऊन जायच्या. पहिलीला जी बाई मिळाली ती चौथीपर्यंत आपली. डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळा होती. वर पत्रे, आणि दोन वर्गांमधली भिंत वरपर्यंत पोहोचलेलीच नव्हती, त्यामुळे शेजारच्यांचे पाढे आमच्या कवितेत मिसळायचे. बाई बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, पदर कायम कमरेला खोचलेला. मी त्या काळात बोलताना अडखळायचे. 'प' आला की ओठ मिटायचे ते मिटूनच राहायचे, आणि नाव ठेवलं होतं प्रमिला. म्हणजे कुणी नाव विचारलं की झालंच. आई घाईघाईने माझ्याऐवजी सांगून टाकायची, बाबा घड्याळाकडे बघायचे, मुलं हसायची. बाई तेवढ्या थांबायच्या. माझ्याकडे टक लावून नाही, त्याने आणखीच अडकायला होतं. त्या चष्मा काढून पदराला पुसायला घ्यायच्या, जसा काही त्यांच्यामुळेच उशीर होतोय. चष्मा पुसून होईपर्यंत माझं वाक्य बाहेर पडलेलं असायचं. मला उत्तरं येतात आणि ती सांगताही येतात, हे सुख मी फक्त त्या एका खोलीत अनुभवलं. दुपारच्या शाळेला एक गुरुजी होते. त्यांच्याबद्दल ऐकून होते की विचारल्याबरोबर उत्तर आलं नाही तर ते नुसतं "पुढचा" म्हणतात. मारत नसत, ओरडत नसत. पण त्या "पुढचा"ची मला छडीपेक्षा जास्त भीती वाटायची.

त्या वर्षी झेंडा नीट उलगडला. आम्ही वर्गात येऊन बसलो, बाईंनी सगळे पास असल्याचं सांगितलं, पहिल्या आलेल्या मुलीला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाल्या, "आता ऐका. आपल्या वर्गात मुलं फार झालीयत. जूनमध्ये तुमच्या दोन तुकड्या होणार. अर्धी मुलं सकाळी माझ्याकडे, अर्धी दुपारी गुरुजींकडे. कोण कुठे, ते शाळा उघडल्यावर कळेल." आमची उतरलेली तोंडं बघून त्यांनाच बहुधा वाईट वाटलं असावं, कारण लगेच हसून त्यांनी विषय बदलला. "आणि हा सुट्टीचा अभ्यास. पाढे नकोत, शुद्धलेखन नको. प्रत्येकाने सुट्टीत असं काहीतरी शिकून यायचं, जे मला येत नाही. आणि जूनमध्ये ते मला शिकवायचं. कबूल?" आम्ही सगळे "कबूऽऽल" म्हणून ओरडलो. आता बाईंनी ही दोन वाक्यं लागोपाठ सांगितली, एवढंच. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण सात वर्षांच्या मुलांना सांगायची गरज नसते.

घरी येताना वासंती माझ्याबरोबर होती. ती मोठागावची, खाडीवरची. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. वर्गात माझ्या शेजारी बसायची आणि तिच्या डोक्यात कधीही गोंधळ नसायचा, याचं मला फार अप्रूप होतं. ती म्हणाली, "पमे, जो बाईला चांगला शिकवल ना, तो सकालचे शालंन. बाकीची जातील गुरुजीकरं."

"बाई असं कुठे म्हणाल्या?"

"मंग अभ्यास कशाला दिला?" वासंतीचं तर ठरलंही होतं. "बाईला काय जालां इनाला येतं? माजी आय शिकवल मना." जाळं विणायला बाईंना येत नसणार, हे मलाही पटलं. तिचा प्रश्न सुटला आणि माझा तिथून सुरू झाला.

घरी आईने निकालाचा शिरा केलेला. स्टोव्हला पंप मारल्याचा तो फसफस आवाज, वर केळं घातलेल्या शिऱ्याचा वास, आणि खालच्या मजल्यावरच्या रेडिओवरच्या बातम्या, एवढं सगळं मिळून आमच्या घरी आनंद व्हायचा. बाबा ठाण्याच्या कारखान्यातून आले, त्यांनी हातपाय धुतले आणि मी त्यांना विचारलं, "बाबा, बाईंना काय येत नाही?"

"म्हणजे?"

मी अभ्यास सांगितला. बाबांचा घास हातातच राहिला. ते कोकणातल्या एका मास्तरांच्या हाताखाली शिकलेले, त्या मास्तरांचं नाव घेतानाही उठून उभे राहायचे. "बाईंना येत नाही असं काय असणार?" ते म्हणाले. "आणि असेल तरी आपण ते शोधायचं का? बाई त्या." आईचं म्हणणं वेगळंच. तिच्या मते हे कोडं होतं. बाईंना सगळं येतं, असं जे मूल सांगेल त्यालाच शाबासकी. "आणि काहीच नाही शिकून गेले तर?" मी विचारलं. "मग खरं उत्तर दिलंस असं होईल ना," आई म्हणाली. हे ऐकून मी इतकी गोंधळले की शिरा परत मागायचंही विसरले.

पुढचे काही दिवस मी एकेक गोष्ट मनाशी घेऊन आईकडे जात होते. रांगोळी? बाई शाळेच्या दारात काढायच्या. लोकरीचं विणकाम? मधल्या सुट्टीत तेच चालायचं. एक डोळा मिटणं, शिट्टी वाजवणं, कान हलवणं हे बाईंना येतं की नाही, कोणास ठाऊक. आणि बाईंना विचारल्याशिवाय कळणार कसं? आता माझी नात बालवर्गात आहे आणि तिच्या सुट्टीच्या शिबिरांची रंगीत पत्रकं दारात पडतात. त्यात काय काय शिकवणार ते सगळं आधीच छापलेलं असतं. मला त्या पत्रकांचा हेवा वाटतो. काय शिकायचं हेच न कळणं, आणि ते शिकलं नाही तर बाई जाणार एवढं मात्र कळणं, हे ज्याने सोसलंय त्यालाच माहीत.

कुरडया झाल्या. गच्चीवर आई आणि शेजारणी पहाटे गव्हाचा चीक शिजवायच्या, त्या ऊन चिकाची साखर घालून वाटी मिळायची, आणि मग दिवसभर कावळे हाकलायला मुलांना बसवायचे. वाळल्यावर आईने एक डबा भरून बाईंसाठी काढला. बाबा लगेच म्हणाले, "हे कशाला? तुकड्या व्हायच्यात, आणि आपण डबे पाठवतोय. लोक काय म्हणतील?"

"दरवर्षी पाठवते मी. कुरडया आहेत त्या, लाच नाही."

"मग हिला एकटीला पाठव. द्यायचं आणि यायचं. काही मागायचं नाही, काही बोलायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण मागायला जाणाऱ्यातले नाही. कळलं?" मला कळलं. निदान, मागायचं नाही एवढं कळलं. विचारायचं नाही असं ते म्हणाले नव्हते.

बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर. दार उघडंच होतं. लोखंडी खाटेवर सफारी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको बसलेली, पुढ्यात आंब्यांची पेटी. बाई स्टुलावर. घरात बाई इतक्या लहान दिसत होत्या की मला आधी वाटलं त्यांची बहीणच आहे. ते गृहस्थ म्हणत होते, "आमचा संदीप तुमच्याशिवाय शिकणारच नाही हो. आणि दुपारी त्याला झोप येते."

"अहो, पण यादी मोठ्या बाई करतात. आणि संख्या ठरलेली आहे. एकाला आत घेतलं की दुसऱ्याला..."

"तुम्ही शब्द टाकला की झालं."

"बघते हं."

"बघते नको. हो म्हणा."

बाईंनी आंब्यांकडे बघितलं, मग खिडकीकडे. "बरं. हो," त्या म्हणाल्या. नवराबायको उठले. तेवढ्यात आतून बाईंच्या सासूबाईंचा आवाज आला, चहा पुन्हा टाकशील का म्हणून, आणि बाई म्हणाल्या, "हो." शेजारीण दारातून डोकावली, "काकू, ह्याला तासभर ठेवाल? दवाखान्यात जाऊन येते," आणि बाई म्हणाल्या, "हो, ठेव ना." शेजारणीचं पोर आल्या आल्या रडायला लागलं. त्या सगळ्या गडबडीत मी डबा घेऊन उभी होते, आणि बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या एकदम ओशाळल्यासारख्या हसल्या. "अगं पमे, तू केव्हा आलीस?"

मी डबा दिला. द्यायचं झालं होतं, यायचं बाकी होतं. मी तशीच उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, तु... तु... तु..." आणि बाईंनी, त्या रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन, दुसऱ्या हाताने चष्मा काढला आणि पदराला पुसायला लागल्या. "तुम्हाला काय येत नाही?" मी विचारलं.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा परत लावला आणि आंब्यांच्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "मला ना पमे, नाही म्हणता येत नाही." मग जरा मोठ्याने, "जा आता, ऊन वाढलंय. आईला सांग, कुरडया छान झाल्यात." त्यांनी डबा उघडलासुद्धा नव्हता, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी जिन्यावरून पळत सुटले. अख्ख्या वर्गात बाईंच्या स्वतःच्या तोंडून उत्तर मिळालेली मी एकटी होते. आणि उत्तर किती सोपं! अडकायला त्यात 'प' नाही, 'क' नाही, 'त' नाही.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं आणि दुसऱ्या कुणी तेच शिकलं तर? दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापडांच्या राखणीला बसले आणि पहिला सराव कावळ्यांवर केला. कावळा आला की "नाही". तो जाईना तर आणखी जोरात. कावळ्यांच्या बाबतीत ते छानच जमलं. मग खाली येऊन आईवर. ती म्हणाली, "पमे, कोथिंबीर आण." मी म्हटलं, "नाही." पुढचं मी सविस्तर लिहीत नाही, पाठीत एक धपाटा आणि कोथिंबीर दोन्ही आलं. मग बाबा म्हणाले, "पाठीवर पाय देतेस का जरा?" हे माझं आवडतं काम, त्यांच्या पाठीवर उभं राहून भिंतीला धरून चालायचं. मी म्हटलं, "नाही." बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत उशीवर ठेवली. मला इतकं वाईट वाटलं की रडू आलं, पण अभ्यास तो अभ्यास.

त्या शिक्षणात मला सगळ्यात अवघड गेलं ते हे की नाही कुठे म्हणायचं याचा काही नियमच सापडेना. लोकांकडे गेलो आणि त्यांनी लाडू पुढे केला की नाही म्हणायचं, हे आईनेच शिकवलेलं. तिथे नाही म्हटलं की "किती गुणाची पोर!" लाडू हवा असायचा, तरीही नाही. आणि कोथिंबीर आणायची नसायची, तिथे मात्र हो. म्हणजे जे हवं त्याला नाही, जे नको त्याला हो, असंच मोठ्या माणसांचं शास्त्र दिसत होतं. मी आईला विचारलंही. ती म्हणाली, "डोकं उठवू नकोस माझं." आजही मला ते शास्त्र पुरतं उमगलंय असं नाही. लग्नात, नोकरीत, सोसायटीच्या सभेत, मी नेहमी चुकीच्या जागी नाही म्हटलं आणि चुकीच्या जागी मान डोलावली.

मग मला आत्याकडे पाठवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, पोस्टात नोकरी करायची आणि ठाण्याला नौपाड्यात दोन खोल्यांत एकटी राहायची. माझं अडखळणं घालवायची जबाबदारी तिने दर सुट्टीत स्वतःहून घेतलेली. सकाळी उठल्या उठल्या सहाणेवर वेखंड उगाळून मधातून जिभेला चोळायची, त्याने जीभ सुटते म्हणे. माझी तरी दिवसभर बधिर असायची. संध्याकाळी श्लोक. श्लोक म्हणताना मी अडकत नसे, आणि त्यामुळे आत्याची खात्री पटलेली की मी मुद्दाम करते. पण ती प्रेमळ होती. तिच्याकडे फणसाचे गरे होते, दुपारी पंख्याखाली फरशीवर झोपायला मिळायचं, बाहेर रिक्षा आणि कुल्फीवाल्याची घंटा, आणि ऑफिसातून येताना ती माझ्यासाठी रोज काहीतरी आणायची. कधी रबर, कधी रिबिनी.

परतायच्या आदल्या संध्याकाळी ती आंबोळ्या घालत होती. मी पाटावर. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "प्रमिला, तू माझ्याकडेच राहिलीस तर? इथली शाळा चांगली आहे. मी बोलले आहे तिथे. तुझ्या वडिलांशीही बोलले. तो म्हणाला, पोरीला विचार." तव्यावरची आंबोळी तिने उलटली. "राहशील?"

मला आठवतं, मी घाबरले. आत्या मला आवडायची, आणि रिबिनी, आणि गरे. पण तिथे वैद्य बाई नव्हत्या. मी इतका अभ्यास केला होता तो बाईंसाठी, जूनमध्ये त्यांच्यापुढे उभं राहून त्यांना तो शिकवायचा होता, म्हणजे त्या मला ठेवतील. मी म्हटलं, "नाही."

स्वच्छ. मीच चकित झाले. आंबोळी एका बाजूने करपायला लागली तरी आत्याने ती काढली नाही. मग म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "अडखळली नाहीस हो अजिबात." ती माझं कौतुक करते आहे की काय, हे मला कळेना. तिने करपलेली स्वतःच्या ताटात घेतली, मला चांगली वाढली, आणि नंतर भांडी घासताना नळ बराच वेळ उगाच सोडून ठेवला. त्या रात्री झोपताना मला पहिल्यांदा वाटलं की बाईंना हे येत नसेल ते बरंच आहे. पण वाटून काय उपयोग? शिकून झालं होतं. आता बदलायला वेळ नव्हता.

शाळा उघडली. मैदानावर चिखल होता म्हणून आम्हाला व्हरांड्यासमोरच्या फरशीवर उभं केलं. वासंती हातात दोरा आणि बांबूची सुई घेऊन आलेली, जाळ्याची चार घरं तिने विणलेलीसुद्धा. "माजी आय आलती बाईला भेटाला," ती कानात म्हणाली. "सांगितलंन, माजी पोर तुमचेकरंच ठेवा."

"आणि बाई?"

"हो बोलल्या." तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मग मोठ्या बाई खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसल्या आणि वैद्य बाईंनी यादी वाचायला घेतली. दुपारच्या तुकडीची नावं. ज्याचं नाव येईल त्याने समोरच्या जांभळाखाली जाऊन उभं राहायचं. बाई भराभर वाचत होत्या, मान खाली घालून. संदीपचं नाव आलं नाही. वासंतीचं आलं नाही. "प्रमिला सावंत," त्या म्हणाल्या आणि न थांबता पुढचं नाव घेतलं.

मी जागची हलले नाही. हट्टाने नव्हे, मला खरंच समजलं नव्हतं. अजून तर बाईंना काही शिकवायचंच होतं, कुणीच काही दाखवलं नव्हतं. परीक्षेच्या आधी निकाल कसा लागेल? काहीतरी चुकलंय, बाई विसरल्यात, असंच वाटत राहिलं. यादी संपली. सगळे जाऊन उभे राहिले आणि मी सकाळच्या रांगेत तशीच. बाई माझ्याजवळ आल्या, वाकल्या. "पमे, तिकडे जा ना बाळा."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हीच परीक्षा. बाईंनी मुद्दाम विचारलंय. मी ताठ उभी राहिले, हसले आणि खणखणीत म्हटलं, "नाही."

बाई बघतच राहिल्या. व्हरांड्यातून मोठ्या बाई म्हणाल्या, "वैद्य बाई, काय झालं? ती मुलगी का थांबलीय?" बाईंच्या अजून लक्षात आलं नाहीसं बघून मी त्यांना समजावलं. "बाई, असं म्हणायचं. नाही. सोप्पं आहे. आता तुम्ही म्हणा."

तेव्हा त्यांना आठवलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, कारण 'नाही' ऐकल्यावरचा आत्याचा चेहरा मी नुकताच पाहिला होता. त्यांचे ओठ हलले, आणि मिटले, आणि मिटूनच राहिले. ते कसं होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी थांबले. त्या माझ्यासाठी थांबायच्या तशी मी थांबले, माझ्याकडून त्यांना घाई होऊ नये म्हणून खाली फरशीकडे बघत राहिले.

"करताय ना लवकर, वैद्य बाई?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या. "हो, हो." मग माझा दंड धरून, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, "मला नको गं नाही म्हणूस, पमे. मला तरी नको."

मी गेले. जांभळाखाली जाऊन उभी राहिले. बाईंना नाही म्हणणं मी शिकले नव्हते, कावळ्यांना, आईला, बाबांना, आत्याला शिकले होते. पाठीमागे वासंती आपली सुई बाईंना दाखवत होती आणि बाई "वा! वा!" म्हणत होत्या. मी पास झाले की नापास, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळायला लागल्यावर सगळा हिशेब लागला: जागा ठरलेल्या, जे मागायला आले त्यांना बाई हो म्हणत गेल्या, आणि जे आलेच नाहीत त्यांच्या मुलांची नावं यादीत उरली. आम्ही मागायला जाणाऱ्यातले नव्हतो. एवढं समजलं तरी मला बाईंचा राग धड कधी आलाच नाही, आणि माया करावी तर तीही पूर्ण जमत नाही. कधी वाटतं, त्यांनी एकदा तरी तो शब्द म्हणून बघायचा. कधी वाटतं, अख्ख्या शाळेसमोर मी त्यांना तो म्हणायला लावत होते. माझं अडखळणं पुढे कधी गेलं तेही आठवत नाही. गुरुजींच्या वर्गात मी बोलायचंच बंद केलं, त्यात ते कुठेतरी संपलं असावं.

त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई दारातच होती. तिने माझ्याकडे बघितलं. "काय गं, सकाळची की दुपारची?"

"दुपारची."

ती माझं दप्तर हातात घेत म्हणाली, "असू दे. बरंच झालं एका अर्थी. सकाळी पाणी येतं तेव्हा मी एकटीच असते, तू असशील मदतीला. असशील ना?"

"हो," मी म्हटलं. ते अगदी सहज आलं, कुठेही न अडकता.